तुळशीचे गोत्र

तुळस ओळखता येत नाही असा मराठी माणूस सापडणे कठीण, अशी माझी परवापरवापर्यंत समजूत होती. जन्मापासून जी दारात पाहिली, जिच्यापुढे आईने नित्य सांजवात लावली, जिचे पान तीर्थात तरंगताना बोटांनी कैक वेळा टिपले, तिची ओळख ती आणखी काय पटवून घ्यावयाची? मला स्वतःलाच ती ओळखता येत नव्हती, हे गेल्या कार्तिकात कळले. आणि तेही एका मुलीचे मन दुखावून झाल्यावर. म्हणून या महिन्याचे हे पान तुळशीसाठी. तिच्या माहात्म्यासाठी मात्र नव्हे. ते सांगणारे माझ्यापेक्षा अधिकारी लोक पुष्कळ आहेत. मला लिहावयाचे आहे ते तिच्या गोत्राविषयी.

झाले ते असे. शाळेच्या मागील बाजूस औषधी वनस्पतींचा एक वाफा करावयाचे ठरले. प्रत्येक वर्गाने एकेक झाड आणावे अशी वाटणी झाली आणि सातवीच्या वाट्याला तुळस आली. दुसऱ्या दिवशी वर्गापुढे चार रोपे येऊन उभी राहिली. एक काळसर जांभळ्या देठांची, आपण कृष्ण तुळस म्हणतो ती. दुसरी हिरवी, घरोघर असते ती. तिसरे रोप सुबक कुंडीत होते. पाने मोठी, गुळगुळीत, फुगीर. आणि कुंडीला रोपवाटिकेची चिठ्ठी, ‘बेसिल’. चौथे रोप तेलाच्या रिकाम्या डब्यात लावलेले. उंची वीतभर, पाने बोटाच्या पेराएवढी, अरुंद. वर पांढुरक्या फुलांच्या बारीक मंजिऱ्या.

पहिल्या दोन रोपांविषयी प्रश्नच नव्हता. तिसऱ्याविषयी मी क्षणभर घुटमळलो. पण कुंडी चांगली होती, चिठ्ठी छापील होती, तेव्हा ते ठेवून घेतले. चौथ्या रोपाकडे पाहून मात्र मी म्हणालो, “ही तुळस नव्हे गं. हे तण आहे. रस्त्याच्या कडेला माजते ते.”

मुलगी म्हणाली, “सर, आमच्या आजीनं लावलेली हाय. बारकी तुळस म्हंत्यात तिला. आजी रोज पानी घालती.”

“आजीला सांग, दुसरी आणून लाव म्हणून,” मी म्हणालो. वर्ग हसला. मुलीने डबा उचलला आणि नळाजवळ, कुणाच्या दृष्टीस पडणार नाही अशा कोपऱ्यात नेऊन ठेवला. ती रडली वगैरे नाही. शेतमजुराच्या घरची मुले अशा प्रसंगी सहसा रडत नाहीत, गप्प होतात.

शाळा सुटल्यावर आमच्या विज्ञानाच्या बाई माझ्या खोलीत आल्या. हातात भिंग आणि दोन डहाळ्या. म्हणाल्या, “सर, आपण ते तण कशावरून ठरवले?” मला उत्तर देता येईना. पाने लहान होती, झाड डब्यात होते, याहून अधिक सबळ पुरावा माझ्यापाशी नव्हता. बाईंनी भिंग माझ्या हाती दिले, आणि मराठीचा एम.ए. झालेला मुख्याध्यापक साठीकडे झुकत असताना तुळशीचे फूल प्रथमच नीट पाहू लागला.

पहिल्यांदा देठ पाहावा. दोन बोटांत धरून फिरवला की तो गोल फिरत नाही, कडा लागतात. तो चौकोनी असतो. पाने समोरासमोर दोन-दोन, आणि खालची जोडी पूर्व-पश्चिम असेल तर वरची दक्षिणोत्तर. एवढी लक्षणे त्या सबंध कुळाची. हे कूळ भले मोठे आहे. सुमारे सात हजार जाती त्यात मोडतात. पुदिना त्यातला, मरवा त्यातला, पानओवा त्यातला. इंग्रजी ग्रंथ त्यास पुदिन्याचे कूळ म्हणतात, तर आपल्या मराठी वनस्पतिशास्त्राने त्याला तुलसी कुल असे नाव दिले. ज्याच्या अंगणात जे, त्याच्या नावाने घराणे! अलीकडच्या अभ्यासाने निर्गुडी, शिवण आणि चक्क साग हेही याच घराण्यात आणून बसवले आहेत. सागवानी देवघराचे आणि दारच्या तुळशीचे असे दूरचे नाते निघावे, ही गोष्ट मला मोठी गमतीची वाटली.

परंतु कूळ निराळे आणि गोत्र निराळे. साग तुळशीच्या कुळातला असला तरी तो तुळस नव्हे. या कुळात तुळशीची म्हणून जी जवळची भावंडे, त्यांच्या गटाला शास्त्रात ‘ऑसिमम’ म्हणतात. शास्त्रकार त्यास प्रजाती म्हणतात. मी आपला गोत्र म्हणतो. जगात या गोत्राच्या सुमारे पासष्ट जाती आहेत आणि त्यांपैकी बहुतेक आफ्रिकेतल्या. आता हे गोत्र ओळखावे कसे? बाईंनी मंजिरीतील एक सुकलेले फूल चिमटीने काढून कागदावर ठेवले. पाकळ्या गळून गेल्यावर मागे उरतो तो हिरवा पेला, ज्याला शास्त्रात निदलपुंज म्हणतात. या पेल्याला पाच दाते असतात. त्यांतले चार लहान, टोकदार. पाचवा, वरचा दाता मात्र मोठा, रुंद, वाटोळा आणि पेल्यावर पुढे झुकलेला. पावसात खोळ घेतलेल्या मुलाची खोळ कपाळावर यावी तसा. हा वरचा वाटोळा पदर ज्याच्या पेल्याला आहे तो तुळशीच्या गोत्रातला. फुलाचीही एक खूण आहे. या कुळातील पुष्कळ फुलांना दोन ओठ असतात आणि त्यांत बहुधा वरच्या ओठाला दोन पाळ्या नि खालच्याला तीन. तुळशीच्या गोत्रात वरच्या ओठाला चार आणि खालचा ओठ एकच, बोटीच्या तळासारखा. मंजिरीवर प्रत्येक पेरापाशी फुलांचे एक कडे असते आणि त्यात मोजून सहा फुले.

मी कृष्ण तुळशीचा पेला पाहिला: पदर होता. ‘बेसिल’चा पाहिला: होता. मुलीच्या डब्यातल्या रोपाचा पाहिला. पदर तिथेही होता, तसाच, वाटोळा, झुकलेला.

मग बाईंनी दुसरी डहाळी पुढे केली. ही त्यांनी शाळेच्या आवाराबाहेरून, रस्त्याच्या कडेने तोडून आणली होती. पुरुषभर वाढणारे, केसाळ देठाचे, निळसर जांभळ्या फुलांचे ते झुडूप. हात लावताच चिकट, उग्र वास. याला कुणी जंगली तुळस म्हणतात, कुणी विलायती तुळस. शास्त्रात ‘हिप्टिस’ या नावाने ते पुष्कळ वर्षे ओळखले गेले. मूळचे उष्ण अमेरिकेतले हे झुडूप आपल्याकडे येऊन माजले. गुरे त्याला तोंड लावत नाहीत आणि पडीक जमीन दिसली की ते ती बळकावते. त्याच्या पेल्याचे पाचही दाते एकसारखे, ताठ, सुईसारखे. पदर नाही. “सर, आपल्या मनात होते ते तण हे,” बाई म्हणाल्या. मुलीचे रोप होते ‘ऑसिमम अमेरिकानम’, म्हणजे आपली खरी रानतुळस. नावात अमेरिका असली तरी तिचा त्या खंडाशी मूळ संबंध नाही, ती आशिया-आफ्रिकेचीच. नाव ठेवणाऱ्याकडून झालेली ती चूक दोन-अडीचशे वर्षे तशीच चालत आली आहे. तेव्हा एकाच दिवसात माझ्याकडून दुहेरी प्रमाद घडला होता. अमेरिकेहून आलेल्या झाडाचा राग मी आपल्या मातीतल्या झाडावर काढला, आणि चिठ्ठी पाहून घेतलेले ‘बेसिल’ म्हणजे आपला सब्जा होय, हेही मला कळले नव्हते.

नावांच्या घोटाळ्यात मीच एकटा सापडलो असे नाही, हे पुढे वाचताना समजले आणि थोडे हायसे वाटले. स्वीडनचा लिनियस म्हणजे वनस्पतींच्या नामकरणाचा आद्य पुरोहित. त्याने 1753 साली आपल्या ग्रंथात एका झाडाला ‘ऑसिमम टेन्युइफ्लोरम’, म्हणजे नाजूक फुलांची तुळस, असे नाव दिले. पुढे 1767 साली त्यानेच दुसऱ्या नमुन्यावरून ‘ऑसिमम सँक्टम’, म्हणजे पवित्र तुळस, असे नाव दिले. दोन्ही नमुने एकाच जातीचे होते! आपल्या वृंदावनातल्या तुळशीचे असे दोनदा बारसे झाले. शास्त्राचा दंडक असा की, आधीचे नाव खरे. त्यामुळे आपण जुन्या क्रमिक पुस्तकांत शिकलो ते ‘सँक्टम’ हे नाव आता मागे पडले असून ‘टेन्युइफ्लोरम’ हेच अधिकृत मानले जाते. पवित्र हे विशेषण गेल्याचे भाविकांना वाईट वाटेल. मला वाटले नाही. नाजूक फुलांची, हे वर्णन निदान झाडाकडे पाहून केलेले आहे. कृष्ण तुळस आणि हिरवी तुळस यांना आपण निरनिराळ्या मानतो, पण शास्त्राच्या लेखी ती एकाच जातीची दोन रूपे.

सब्जाची कथा याहून रंगतदार आहे. आपण बी विकत आणतो आणि झाड ओळखत नाही, असे हे एकच उदाहरण नसेल. पण तुळशीच्या इतके जवळचे दुसरे नसेल. उन्हाळ्यात सरबतात, फालुद्यात जे काळे बी फुगून बुळबुळीत होते ते ‘ऑसिमम बॅसिलिकम’ या जातीचे. बीच्या वरच्या सालीत पाणी शोषून फुगणारा चिकट पदार्थ असतो. पाण्यात पडताच काही मिनिटांत बीभोवती पारदर्शक कवच तयार होते आणि काळा ठिपका मधोमध राहतो. निसर्गाने ही सोय सरबतासाठी केलेली नाही. पावसाचा थेंब पडताच बीने ओल धरून मातीला चिकटून राहावे हा तिचा उपयोग असावा. एक सूचना करतो: कोरडे बी तोंडात टाकू नये, घशात फुगते, भिजवूनच घ्यावे. हल्ली दुकानांत ‘चिया’ म्हणून महाग बी मिळते आणि पुष्कळ जण तेच सब्जा समजतात. चिया ही मेक्सिकोकडची, तुलसी कुळातलीच, परंतु निराळ्या गोत्राची. तिचे बी करड्या रंगाचे, ठिपकेदार असते; सब्जाचे सरसकट काळे.

आमच्या शाळेतील कन्नडचे शिक्षक चिठ्ठीवाली कुंडी पाहून म्हणाले, “ही तर कामकस्तुरी! आमच्या गावी परड्यात आपोआप उगवते.” मग मला छंदच लागला. बडोद्याच्या नातेवाइकांना विचारले, तर ते या बीला तकमरिया म्हणतात. हैदराबादेत सब्जा हेच नाव चालते, तेलुगू शेजारीण त्याला ‘सब्जा गिंजलु’ म्हणते. इंदूर-ग्वाल्हेरकडे तुकमरिया हा शब्द ऐकू येतो, आणि तिकडच्या हिंदीत याच झाडाला काही ठिकाणी मरुआ म्हणतात. इथे आपल्या माणसांनी सावध असावे, कारण आपला मरवा निराळा. गणपतीच्या एकवीस पत्रींत येतो तो मरवा सुगंधी खरा, कुळानेही तुळशीचा, पण ‘ऑसिमम’ नव्हे. बाजारात मरुआ मागून सब्जाची डहाळी हाती आली, तर विकणाऱ्याला दोष देऊ नये. तो त्याच्या भाषेत बरोबर असतो. आणि गजऱ्यात मरव्याच्या शेजारी बसणारा दवणा तर या कुळातलाही नाही. तो सूर्यफुलाच्या कुळातला. सुवास हा नात्याचा पुरावा होत नाही.

सुवासावरून जाती ओळखू पाहणाऱ्याची तुळशीच्या गोत्रात फारच फसगत होते. वृंदावनातल्या तुळशीच्या पानात युजेनॉल हे द्रव्य असते. लवंगेच्या तेलात मुख्यत्वे तेच असते, म्हणून तुळस चावली की लवंगेची आठवण होते. या गोत्रात पुरुषभर उंचीची, रुंद पानांची एक मोठी जात आहे, तिला शास्त्रीय ग्रंथांत रामतुळस म्हटलेले आढळते. (घरोघरी हिरव्या तुळशीलाच राम तुळस म्हणतात, हा आणखी एक घोटाळा.) या मोठ्या जातीच्या एका झाडाच्या पानांना लवंगेचा वास, तर त्याच जातीच्या दुसऱ्या वाणाला ओव्याचा! आफ्रिकेतल्या किलिमांजारो पर्वताचे नाव धारण करणारी कापूर तुळस आहे, तिच्या पानांतून खरोखर कापूर मिळतो. सब्जा आणि रानतुळस यांचा संकर होऊन लिंबाच्या वासाची तुळस निपजते. रानतुळशीचे रक्त असे सब्जाच्या घराण्यात मिसळते आणि मी तिला वर्गाबाहेर काढले होते.

सब्जाचे झाड पश्चिमेकडे गेले तेव्हा त्याला मोठा मान मिळाला. ग्रीकांनी त्याला राजेशाही या अर्थाचे नाव दिले, ‘बेसिल’ हा शब्द त्यातूनच आला. ग्रीक ख्रिस्ती मंदिरांत मंतरलेले पाणी शिंपडण्यासाठी याच झाडाची जुडी वापरतात. आपण पळीतले तीर्थ तुळशीच्या पानाने शिंपडतो त्याची आठवण यावी. इटलीतल्या जिनोव्हा शहरात त्याच पानांची लसूण घालून चटणी वाटतात. उलट आपण जिला माता म्हणतो ती वृंदावनातली तुळस थायलंडमध्ये मांसाबरोबर परतून भाताशी खातात. हे वाचून आमच्या घरी दोन दिवस अबोला झाला. मी सौभाग्यवतींना एवढेच म्हणालो की, झाडाला आपले सोवळे ठाऊक नसते.

आपल्या पूर्वजांनी मात्र ही भावंडे एका पंक्तीस बसवली होती. सुश्रुतसंहितेत औषधींचे गण सांगितले आहेत, त्यांत एक ‘सुरसादी’ गण आहे. सुरसा म्हणजे तुळस. त्यात सुरसेच्या मागोमाग श्वेतसुरसा, फणिज्झक, अर्जक अशी नावे येतात. ही तुळशीच्या जवळची झाडे होत असे टीकाकार मानतात. पुढे त्याच गणात निर्गुंडीही आहे. अर्थात हा गण गुणांवरून बांधलेला, फुलाच्या पेल्यावरून नव्हे, त्यामुळे काकमाचीसारखी अगदी परकी झाडेही त्यात आहेत. तरीही गौर आणि कृष्ण, बागेतली आणि रानातली, असा भेद लक्षात घेऊनही त्यांनी कुणाला गणाबाहेर घातले नाही.

आता विषय निघालाच आहे तर एक भ्रम दूर करतो. तुळस रात्रंदिवस प्राणवायू सोडते, असे हल्ली मुले मोबाइलवरून वाचून येतात आणि निबंधात लिहितात. तसे नाही. इतर हिरव्या झाडांप्रमाणे तीही उजेडातच प्राणवायू देते आणि रात्री आपल्यासारखाच तो घेते. तुळशीला खोट्या प्रशस्तीपत्राची गरज नाही. तिचा खरा अभ्यास चालू आहे. 2015 साली लखनौ आणि बंगळूर येथील संशोधकांनी तिची आनुवंशिक संहिता स्वतंत्रपणे उलगडून प्रसिद्ध केली. बंगळूरच्या संशोधकांनी त्यासाठी निवडली होती ती कृष्ण तुळस.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर मी मुलांना सर्व सांगितले. चूक माझी होती, ते रोप तुळशीच्याच गोत्राचे आहे, असे स्पष्ट शब्दांत सांगितले. पण ज्या मुलीसाठी सांगावयाचे ती त्या दिवशी आलीच नव्हती. ऊसतोडीचा हंगाम होता, घरी धाकट्या भावंडांना सांभाळावयाचे होते. चार दिवसांनी आली तेव्हा तिला बोलावून पुन्हा सांगितले. भिंगातून पेलाही दाखवला. तिने तो पाहिला, बराच वेळ पाहिला, आणि म्हणाली, “आजीला ठावं हाय, सर.” मग डबा वाफ्यात आणला.

रानतुळस वर्षभराचीच. माघ सरता सरता ती वाळली. वाफ्यात नवे रोप लावावे म्हणून शोधाशोध केली, पण गरज पडली नाही. तो डबा चार-सहा दिवस नळाजवळ होता तेवढ्यात मंजिऱ्या झडल्या असाव्यात, कारण मृगाच्या पावसानंतर नळाच्या ओट्याभोवती ही एवढाली रोपे उगवली. मुलांनी मोजली तेव्हा साठाच्या वर भरली. ती मुलगी आता हायस्कुलात आहे. तिचा भाऊ पाचवीत आहे. त्याने दोन रोपे मागून नेली, कारण घरची या वर्षी उगवली नाही म्हणे.

वाफ्यात पाट्या लावताना प्रश्न पडला. मराठी, कन्नड आणि शास्त्रीय अशी तीन नावे लिहावयाची होती. शास्त्रीय नावाबद्दल बाईंना शंका नव्हती. कन्नडमध्ये या झाडाला ‘नायी तुळसी’ म्हणतात; नायी म्हणजे कुत्रा. ते लिहू नये असे कन्नडच्या सरांनाच वाटले. मराठीत रानतुळस लिहावे तर त्याच नावाने लोक त्या अमेरिकन झुडपालाही ओळखतात. शेवटी मराठीच्या ओळीत ‘बारकी तुळस’ असे लिहिले. कन्नडची ओळ अजून कोरी आहे. सर त्यांच्या गावच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून सांगणार आहेत.